पाठ कुणी टेकायची?

मी टीव्हीवर कुस्ती पाहत बसलो की घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात माझ्याविषयी कणव दाटून येते. कुस्ती म्हणजे अमेरिकन कुस्ती. रंगीत चड्ड्या, धूर, फटाके, गाणी आणि मधूनच लोखंडी खुर्चीने हाणामारी, ती. "अहो, खोटी असते हो ती!" हे वाक्य मला आजवर आमच्या डॉक्टरांनी, विम्याच्या एजंटाने, गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या पोराने आणि पुतणीचं स्थळ घेऊन आलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी ऐकवलेलं आहे. सांगताना प्रत्येकाचा आवाज खाली येतो. एखाद्याला त्याच्या भावाने परस्पर जमीन विकल्याची बातमी द्यावी, तसा.

आता हीच माणसं 'एकच प्याला' पाहायला जातात आणि रुमाल ओले करून परत येतात. तिथे अंधारात शेजारच्या खुर्चीकडे वाकून, "अहो, सुधाकराच्या पेल्यात दारू नाही, कोकमचं सरबत आहे," असं कुणी कुणाच्या कानात सांगत नाही. कोकणात दशावतारातला राक्षस पहाटेपर्यंत मरणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कुणी मध्यरात्रीच चटई गुंडाळून घरी जात नाही. आमच्या घरात रोज रात्री आठ वाजता एक सून छळ सोसते आणि आमची ही डोळे पुसते. पण तिला कुणी 'खोटं असतं हो' म्हणत नाही. म्हणायची कुणाची छाती नाही, हा भाग वेगळा.

शिवाय हे गुपित मला सांगण्यात हशील तरी काय? ते खुद्द मालकांनीच 1989 साली सांगून टाकलेलं आहे. व्हिन्स मॅकमहन यांच्या कंपनीने अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कबूल केलं की, बाबांनो, आमची कुस्ती हा खेळ नव्हे, ही करमणूक आहे. का? तर क्रीडा आयोगाच्या देखरेखीतून आणि करातून सुटका व्हावी म्हणून. सत्य हे पुष्कळदा कर वाचवण्यासाठीच बाहेर येतं. या कंपनीची पूर्वीची आद्याक्षरं आणि वन्य प्राण्यांसाठी झटणाऱ्या एका जागतिक संस्थेची आद्याक्षरं एकच निघाली, तेव्हा त्या संस्थेने कंपनीला इंग्लंडच्या कोर्टात खेचलं आणि 2002 साली डब्ल्यू.डब्ल्यू.एफ.चं डब्ल्यू.डब्ल्यू.ई. झालं. मॅकमहनसाहेबांनी निकाल आधी न ठरवता लढलेली ही बहुधा एकच कुस्ती, आणि तीत पांडाने त्यांना चीत केलं.

तर निकाल आधी ठरतो. तो ठरवण्याला तिकडे 'बुकिंग' म्हणतात. हे आपलं एस.टी.चं बुकिंग नव्हे. पण कुणाला खिडकी मिळणार आणि कोण उभ्याने जाणार हे तिथेही आधीच ठरतं. सज्जन पैलवानाला 'बेबीफेस' म्हणतात, दुर्जनाला 'हील'. सज्जन एकाएकी दुर्जन झाला तर तो 'टर्न'. आमच्याकडे नगरपालिकेत याला अजून स्वतंत्र शब्द नाही.

माझे एक कोल्हापूरचे स्नेही आहेत. त्यांचं बालपण खासबागच्या मैदानात हलगीच्या आवाजात गेलं. ते उतरले की मी टीव्ही बंदच ठेवतो, कारण त्यांचा राग 'खोटी असते हो'वाल्यांसारखा मवाळ नसतो. "ह्यॅ! हिला कुस्ती म्हंत्यात व्हय? ही नुरा कुस्ती!" नुरा कुस्ती म्हणजे आपसांत ठरवून केलेली कुस्ती. मैदानात ती ओळखू आली तर पब्लिक दोघा पैलवानांची आई-बाप, गाव, तालीम सगळ्यांचा एका दमात उद्धार करतं. कुस्ती कशी निकाली पाहिजे! आणि त्यांच्या जागी ते अगदी बरोबर आहेत. इनाम लावलेल्या खऱ्या कुस्तीत ठरवून पडणं ही चोरीच. पण जिथे ठरवून पडणं हाच धंदा आहे, तो सरकारदरबारी नोंदलेला आहे आणि तिकीट काढणाऱ्यालाही ते ठाऊक आहे, तिथे चोरी कुणाची झाली?

इथेच मला गेली कित्येक वर्षं छळणारा प्रश्न उभा राहतो. जी कुस्ती आधीच ठरलेली आहे, तिच्यात अन्याय होऊ शकतो का?

आमच्या घरचं मत: नाही. खोटा जिंकला काय आणि खोटा हरला काय, त्यात चहा गार करून घेण्यासारखं काय आहे? माझं मत नेमकं उलटं आहे. मी म्हणतो, अन्याय व्हायचा तर तिथेच होऊ शकतो. खासबागेत एखादा पैलवान पडला तर त्याची पकड सैल पडली, खुराक कमी पडला, दिवस त्याचा नव्हता. ती हार त्याला कुणी दिलेली नसते, ती होते. क्रिकेटमध्ये चेंडू वळतो आणि आपला माणूस शून्यावर घरी येतो. दाद मागायची कुणाकडे? पण या कुस्तीतली प्रत्येक हार कुणीतरी टेबलाशी बसून, कॉफी पीत पीत ठरवलेली असते. एका माणसाने बारा वर्षं हाडं मोडून घेतली, तरी त्याला पट्टा द्यायचा नाही, हे कुणाच्या तरी डोक्यातून निघालेलं असतं. दैवाला पत्ता नसतो. बुकिंगला असतो: स्टॅमफर्ड, कनेटिकट.

आणि पत्ता असला की तक्रार पोहोचते. 2014 सालची गोष्ट. डॅनियल ब्रायन नावाचा एक बुटकासा, दाढीवाला पैलवान होता. त्या भीमांच्या गर्दीत तो पोस्टमनसारखा दिसायचा. पण कुस्ती अशी करायचा की पाहणारी माणसं दोन्ही हातांची बोटं वर नाचवत 'येस, येस' म्हणून ओरडत सुटायची. कंपनीला मात्र वरच्या जागी धिप्पाड, देखणा माणूस हवा होता. जानेवारीत पिट्सबर्गला तीस जणांची मोठी झुंज होती. एकेक जण बाहेर येत होता आणि लोक ब्रायनची वाट पाहत होते. शेवटचा तिसावा म्हणून आला रे मिस्टेरिओ, मुखवटा घालणारा, लहान पोरांचा लाडका. त्याला बिचाऱ्याला त्या रात्री पोटभर शिव्या मिळाल्या. त्याचा अपराध एवढाच की तो ब्रायन नव्हता. मुलीसाठी डॉक्टर नवरा येणार म्हणून सगळे दारात उभे असावेत आणि यावा मीटरचं रीडिंग घेणारा, तसं झालं. पण ओरडा थांबला नाही, आणि 6 एप्रिलला न्यू ऑर्लीन्समध्ये ब्रायनने एका रात्रीत दोन कुस्त्या जिंकून पट्टा घेतला.

आमच्या चिरंजीवांचं म्हणणं असं की, "बाबा, तो ओरडासुद्धा त्यांनी हिशेबात धरला असेल." हे चिरंजीव नव्वदच्या सुमाराला केबल आली तेव्हा पत्त्यांच्या कॅटवरून पैलवानांची उंची, वजन आणि दंडांची मापं पाठ करत होते, शाळेतले पाढे तेवढे राहून गेले. त्यांच्याशी या विषयावर मी वाद घालत नाही. हिशेबात धरला असेल तर धरला असेल. सरकारसुद्धा मोर्चा हिशेबात धरतंच.

पण जिंकणाऱ्यांचं कौतुक करायला जग आहे. मला ओढ आहे ती पडणाऱ्यांची. या धंद्यात ठरवून हरण्याला 'जॉब' म्हणतात, आणि नेमाने हरणाऱ्याला 'जॉबर'. म्हणजे हरणं हीच नोकरी. बॅरी होरोविट्झ नावाचा एक गृहस्थ वर्षानुवर्षं हेच करत होता. येणाऱ्या प्रत्येक नव्या भीमाने पहिली आपटायची ती होरोविट्झला. तो रिंगणात यायचा आणि हात मागे नेऊन स्वतःची पाठ स्वतःच थोपटायचा. आपल्याकडे हा वाक्प्रचार कुत्सितपणे वापरतात. पण ज्याची पाठ दुसरं कुणी थोपटणार नाही हे लेखी ठरलेलं आहे, त्याने काय करावं? 1995 साली त्याला एकदा जिंकवलं, तेव्हा समालोचकसुद्धा खुर्चीतून उठायचे बाकी राहिले होते.

आणि पडणं सोपं नसतं हो. नवख्या पोराने ठोसा मारायचा आणि मुरलेल्या माणसाने असं कोसळायचं की ठोशाचीच कीर्ती व्हावी! आमच्या ऑफिसात असे एक हेडक्लार्क होते. नवा साहेब आला की ते फाईल घेऊन जायचे आणि, "सर, हे कलम मला काही उलगडत नाहीये," म्हणायचे. ते कलम त्यांना झोपेत विचारलं असतं तरी पोटकलमांसह आलं असतं. साहेब पाच मिनिटं कपाळाला आठ्या घालून कलम उलगडायचा, आणि त्या दिवसापासून ऑफिसात ताठ चालायचा. हेडक्लार्क म्हणायचे, "त्याला तीन वर्षं आपल्याला चालवायचंय. पहिल्याच दिवशी पाडून कसं चालेल?" त्यांना खोटं बोललात असं म्हणायची माझी हिंमत नाही.

या धंद्याचा आणखी एक रिवाज मला फार आवडतो. जाणाऱ्याने हरून जायचं. जो निवृत्त होतो किंवा कंपनी सोडतो, त्याने राहणाऱ्याच्या हातून पाठ टेकायची आणि आपलं साठलेलं नाव त्याच्या पदरात घालून निघायचं. 2008 साली रिक फ्लेअर म्हणून साठीला टेकलेला बडा पैलवान शॉन मायकल्सच्या हातून असा हरला. शेवटची लाथ घालण्यापूर्वी मायकल्सने ओठांतल्या ओठांत त्याची माफी मागितली. म्हातारा उभा राहून रडत होता. (पुढे फ्लेअरमहाराज पुन्हा दुसरीकडे लढायला लागले, हे सोडा. रिटायर झालेला माणूस घरी किती दिवस बसणार?) आपल्याकडे हा रिवाज असता तर काय काय झालं असतं याचा मी कधीकधी विचार करतो. आमच्या हौसिंग सोसायटीचे चेअरमन एकदा तरी कुणाकडून हरून घरी गेले असते.

मात्र हार ही ठेव असते, आणि ती कुणाला द्यायची हा बुकिंगमधला सगळ्यात अवघड प्रश्न. अंडरटेकर 1991 पासून 2013 पर्यंत रेसलमेनिया नावाच्या वार्षिक जत्रेत एकवीस वेळा लढला आणि एकवीसही वेळा जिंकला. ज्या रात्री ब्रायनला न्याय मिळाला, त्याच रात्री, त्याच न्यू ऑर्लीन्समध्ये तो ब्रॉक लेस्नरकडून हरला. फळ्यावर एकवीस-एक असे आकडे झळकले आणि सत्तर हजारांच्या आसपासचं मैदान चिडीचूप झालं. माझी तक्रार तो हरला ही नाही. कधीतरी हरायलाच हवं होतं. पण लेस्नर? ज्याला कशाचीच कमतरता नव्हती, जो वर्षातून मोजके दिवस येऊन मोजून पैसे घेऊन जायचा, त्याला? तेवीस वर्षांची फिक्स डिपॉझिट मोडायची ती शेजारच्या बंगलेवाल्याला द्यायला? एखाद्या होतकरू पोराचा जन्माचा संसार उभा राहिला असता हो! आणि 'खोटी असते'वाल्यांसाठी जाता जाता सांगतो: त्या कुस्तीत अंडरटेकरच्या डोक्याला मार बसला आणि त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. निकाल ठरलेला होता. डोकं खरं होतं.

म्हणूनच मला माँट्रियल विसरता येत नाही. 9 नोव्हेंबर 1997. विजेता ब्रेट हार्ट, कॅनडाचा, कंपनी सोडून मॅकमहनांच्या प्रतिस्पर्ध्याकडे निघालेला. समोर तोच शॉन मायकल्स. दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. ब्रेट म्हणाला, मी हरेन, पण माझ्या देशात, या माणसाकडून नाही. शेवटच्या महिन्यात आपल्या भूमिकेबद्दल बोलण्याचा हक्क त्याच्या करारात होता. मॅकमहनांना धास्ती ही की पट्टा घेऊनच हा पलीकडे गेला तर? भीती अगदीच अनाठायी नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडची एक महिला विजेती पलीकडे जाऊन कॅमेऱ्यासमोर त्यांचा पट्टा कचऱ्याच्या टोपलीत टाकून मोकळी झाली होती. शेवटी कुस्ती गोंधळात, निकालावाचून संपवायची असं ठरलं. प्रत्यक्षात मायकल्सने ब्रेटचाच पेटंट डाव, पाय अडकवण्याचा, ब्रेटवर टाकला. इथे ब्रेटने तो उलटवायचा असं ठरलेलं. तेवढ्यात मॅकमहनांनी रिंगणाशी उभं राहून घंटा वाजवायला लावली. ब्रेट शरण आला म्हणून जाहीर झालं. तो शरण आलेलाच नव्हता. पंच पळत सुटला. ब्रेट मॅकमहनांवर थुंकला, आणि नंतर आत खोलीत त्यांना एक ठोसा दिला. खरा.

आता सांगा, सगळंच खोटं, तर कुणी कुणाला फसवलं? पट्टा मॅकमहनांचा, दिला त्यांनी, काढून घेतला त्यांनी. जाणाऱ्याने हरून जायचं हा रिवाज आधी मोडला तो ब्रेटने, आणि त्याबद्दल माझा त्याच्यावर राग आहे. मॅकमहनही टीव्हीवर म्हणाले की ब्रेटला ब्रेटनेच फसवलं. तरी माझं मन काही त्यांच्या बाजूने वळत नाही. कारण असं की, या कुस्तीत पैलवान आपलं अंग समोरच्याला उसनं देतो. हा उचलणार, मी उचलू देणार, हा आपटणार, पण माझी मान सांभाळून आपटणार. बघणाऱ्यांशी दोघं खोटं बोलत असतील, पण एकमेकांशी त्यांना खोटं बोलून चालत नाही. बोलले तर एकाचा मणका जातो. ब्रेटने त्या क्षणी दोन्ही पाय मायकल्सच्या हातात दिले होते, ते पुढे काय होणार हे ठरलंय या विश्वासावर. नेमका तोच क्षण घंटेसाठी निवडला. दुसरा कुठलाही क्षण निवडला असता तर मी मॅकमहनांना व्यवहारी म्हटलं असतं.

त्यानंतर अठरा महिन्यांनी, 23 मे 1999 ला कॅन्सस सिटीत, ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट छतावरून दोराने रिंगणात उतरणार होता. एक विनोदी एंट्री होती, निळ्या पोशाखातल्या महावीराची. कडी सुटली आणि तो सत्तर फुटांहून उंचावरून खाली पडला. चौतीस वर्षांचा होता. टीव्हीवर समालोचक जिम रॉस घरोघरच्या लोकांना सांगत होता की हा कार्यक्रमाचा भाग नाही, हे खरं आहे. ज्या माणसाने जन्मभर खोटं खरं करून सांगितलं, त्याला खरं खरं म्हणून पटवावं लागत होतं. ओवेन गेला. आणि उरलेल्या कुस्त्या त्याच रिंगणात त्याच रात्री पार पाडल्या. पुढच्या जोडीला आत जायला सांगणारं कुणीतरी होतं. बुकिंगचे निर्णय मोजायला बसलो की माझी यादी तिथून सुरू होते. बाकीचे सगळे त्याच्या खाली येतात. त्या रात्रीचं ते रेकॉर्डिंग मी पुन्हा पाहिलेलं नाही.

तरी पाहतो मी. 2019 साली कोफी किंग्स्टनने पट्टा जिंकला तेव्हा मी आमच्या हिला हाक मारून बाहेर बोलावलं होतं. घानामध्ये जन्मलेला, अकरा वर्षं कंपनीत घाम गाळलेला, सदा हसतमुख, जोडीदारांबरोबर लोकांत धिरडी भिरकावणारा माणूस. (पॅनकेक म्हणजे धिरडंच, फक्त गोड.) रिंगणात त्याची मुलं आली, त्यांनी बापाचा पट्टा धरला. सहा महिने तो विजेता राहिला. मग 4 ऑक्टोबरला त्याच्यासमोर पुन्हा उभे केले ते आमचे बंगलेवाले, ब्रॉक लेस्नर.

आपल्याकडे शनिवारची सकाळ होती आणि आमचे कोल्हापूरचे स्नेही मुक्कामाला होते. मी टीव्ही लावला, ते पेपर डोळ्यांसमोर धरून बसले. घंटा झाली. कोफी झेपावला, लेस्नरने त्याला हवेतच झेलला, खांद्यावरून एकदा फिरवून आपटला, आणि संपलं. दहा सेकंदही झाले नसतील. अकरा वर्षं आणि सहा महिने. मी बशीत ओतलेला चहा तसाच होता.

पेपर खाली आला होता.

"हे आधी ठरलेलं?"

"ठरलेलं."

"म्हंजे त्या पोराला सांगितलं हुतं, असं असं पड म्हनून?"

"सांगितलं होतं."

"आन् त्यो पडला?"

"पडला."

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. तिथे आता कसलीशी जाहिरात लागली होती.

"आरं, पाडायचा तर पाडा की! मालक हाईसा तुमी," ते जाहिरातीलाच म्हणाले, "पर त्येला निदान एक डाव तरी टाकू द्यायचा हुता!"

मग त्यांनी मला त्या कंपनीचा पत्ता विचारला. मी सांगितला.